दोन तारा, एकच खड्डा

बँकेत, तलाठी कार्यालयात, रेशनच्या दुकानात, आरक्षणाच्या खिडकीवर एक वाक्य सारखं कानावर पडतं: "लिंक नाहीये, नंतर या." ते इतकं अंगवळणी पडलंय की ही लिंक कुठून कुठे जाते आणि नेमकी कुठे तुटते, हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर पुढचं वाक्य ऐकू येतं: "बॅकअप आहे, पण तोही चालत नाहीये." हा लेख त्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. यंत्र कधी ना कधी बंद पडणार, यात नवल नाही. पैसे मोजून घेतलेली दुसरी सोय नेमकी त्याच वेळी का बंद पडते, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंबईतच घडलं, आणि तेही देशातल्या अतिशय काटेकोर समजल्या जाणाऱ्या यंत्रणेत. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारात, सकाळी दहानंतर निर्देशांकाचे आकडे हलेनासे झाले. ११:४० ला सगळे व्यवहार थांबवले. बाजार परत उघडला तो दुपारी ३:४५ ला, म्हणजे रोजची बंद व्हायची साडेतीनची वेळ टळून गेल्यावर, आणि पाचपर्यंत चालला. मधले चार तास बीएसई, म्हणजे मुंबईतला दुसरा शेअर बाजार, सुरू होता. ज्यांनी सकाळी एनएसईवर इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी मिटवायचे, सौदे घेतले होते, त्यांचे ब्रोकर साडेतीन जवळ आले तसे बीएसईवर जाऊन मिळेल त्या भावात ते सौदे स्क्वेअर ऑफ करू लागले, म्हणजे उलटे सौदे करून मिटवू लागले. एनएसई त्या दिवशी परत उघडणार आहे, हे त्यांना कळलेलंच नव्हतं.

एवढ्या मोठ्या बाजाराचं काम एका संगणकावर चालत नाही. एनएसईचं मुख्य केंद्र मुंबईत, दुसरं त्याच्या जवळच आणि तिसरं चेन्नईत, अशी रचना होती. तीन जागा का लागतात, ते एकदा नीट पाहू.

मुख्य केंद्रात एखादा सौदा नोंदला गेला की तीच नोंद दुसऱ्या केंद्रातही व्हायला हवी. ही नोंद दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात मुख्य संगणक थांबून राहतो. दुसऱ्या जागेवरून "लिहिलं" असा निरोप आल्याशिवाय सौदा पक्का धरत नाही. यात एकही नोंद हरवत नाही, पण वाट बघावी लागते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद. दुसरं केंद्र १० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १०० मायक्रोसेकंद, सेकंदाचा दहा हजारावा भाग. तेवढं चालतं. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेतच हजार किलोमीटरच्या वर आहे. जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद, म्हणजे शंभर पट. प्रत्येक सौद्यामागे एवढं थांबलं तर बाजाराचा वेगच राहत नाही. म्हणून लांबच्या केंद्राला दुसऱ्या प्रकारे नोंदी पाठवतात: इथे सौदा पक्का करायचा, तिकडे नोंद मागाहून पोचेल. मुंबईत मोठा अनर्थ झाला तर चेन्नई कामाला येते, पण वाटेत असलेल्या शेवटच्या काही नोंदी हरवू शकतात. ही उणीव भरून काढायला जवळचं केंद्र.

म्हणजे सगळी भिस्त मुख्य आणि जवळच्या केंद्रामधल्या तारांवर. एनएसईने त्यासाठी दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या अनेक लिंक घेतल्या होत्या. कागदावर हे चोख होतं. पण तारा जमिनीखालून जातात, आणि मुंबईत रस्ता खोदलेला नसणं हीच बातमी. एनएसईने नंतर दिलेल्या खुलाशानुसार दोन्ही केंद्रांमधल्या रस्त्यावर खोदकाम आणि बांधकाम सुरू होतं, आणि त्या पायी दोन्ही कंपन्यांच्या लिंक डळमळीत झाल्या. कंपन्या दोन, बिलं दोन, करार दोन. रस्ता मात्र एकच.

तरीही बाजार थांबायला नको होता. तारा तुटल्या तर मुख्य केंद्राने एकट्याने काम पुढे रेटायचं, असंच ठरलेलं होतं. पण जिथे सगळी माहिती साठते ती सामाईक साठवण यंत्रणा, जिला तंत्रज्ञ सॅन म्हणतात, लिंक गेल्यावर ठरल्याप्रमाणे वागली नाही. तिच्यातली माहिती मुख्य केंद्रातल्याच सर्व्हरना मिळेनाशी झाली. त्यात बंद पडलं ते जोखीम मोजणारं काम. खरेदी-विक्री जुळवणारा भाग धडधाकट होता. पण कोणाच्या खात्यात किती मार्जिन (सौद्यापोटी ठेवलेली अनामत) आहे आणि त्याने किती रकमेचे सौदे अंगावर घेतलेत, हे मोजणारा भाग आंधळा झाला, तर बाजार चालू ठेवणं म्हणजे उधारीची वही मिटून दुकान उघडं ठेवण्यासारखं. म्हणून व्यवहार थांबवले. तो निर्णय योग्यच होता.

मग चेन्नई कशासाठी होती? हा प्रश्न त्या दिवशी सगळ्यांनीच विचारला, आणि त्याचं उत्तर तंत्रात कमी, माणसाच्या स्वभावात जास्त सापडतं. लांबच्या केंद्रावर जाणं म्हणजे नुसतं एक बटण दाबणं नसतं. शेवटच्या नोंदी जुळवाव्या लागतात, सगळ्या ब्रोकरांना आपले धागे तिकडे जोडावे लागतात, आणि परत येताना तोच सगळा उपद्व्याप उलटा करावा लागतो. शिवाय समोरचा अभियंता सांगत असतो, "दहा मिनिटांत होईल." दहाची वीस होतात, विसाचे दोन तास. दर वेळी अजून थोडं थांबणंच शहाणपणाचं वाटतं. ज्याने कधी मोठी यंत्रणा सांभाळली आहे, त्याला ही दहा मिनिटं चांगली ओळखीची असतात.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने मार्च २०२१ मध्ये नेमका हाच मोह कापला. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत 'आपत्ती' जाहीर करायची, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. अभियंत्याला काय वाटतं याला त्यात जागा नाही, घड्याळ ठरवेल. पुढे २ मार्च २०२४ ला, सुट्टीच्या शनिवारी, बाजार मुद्दाम उघडला. सकाळी ९:१५ ते १० मुख्य केंद्रावरून आणि ११:३० ते १२:३० पर्यायी केंद्रावरून. सौदे खरे, पैसे खरे. ज्या वाटेवरून कधी चाललोच नाही, ती वाट नकाशावर आहे म्हणून भरवसा ठेवता येत नाही.

एक पायरी मागे राहूनही

खड्डा जमिनीतच असतो असं नाही. १९ जुलै २०२४ ला तो एका फाइलीत होता.

क्राउडस्ट्राइक ही अमेरिकेतली संगणक सुरक्षेची कंपनी. तिचं फाल्कन नावाचं सॉफ्टवेअर जगभरातल्या विमान कंपन्या, बँका, रुग्णालयं आणि सरकारी कार्यालयांतल्या संगणकांवर पहारा देतं. पहारा नीट द्यायचा तर ते विंडोजच्या गाभ्यात बसावं लागतं. त्याला कर्नल म्हणतात. एरवी एखादा प्रोग्रॅम चुकला तर विंडोज तेवढाच बंद करतं, बाकीचं काम चालू राहतं. गाभ्यातला प्रोग्रॅम चुकला, तर माहितीची नासाडी होऊ नये म्हणून अख्खा संगणक थांबतो आणि निळा पडदा येतो. वर फाल्कन संगणक सुरू होतानाच जागं होतं, कारण चोर आत शिरण्याआधी पहारेकरी हजर हवा. त्यामुळे संगणक बंद करून पुन्हा लावला की पुन्हा तेच: सुरू, निळा पडदा, सुरू, निळा पडदा.

चूक अगदी कारकुनी होती. एका प्रकारच्या तपासणीसाठी २१ रकान्यांचा तक्ता ठरवला होता. तो भरून देणारा कोड मात्र २० च किमती, म्हणजे २० च रकान्यांची माहिती, देत होता. फेब्रुवारी २०२४ पासून ही तफावत तशीच होती. मार्च आणि एप्रिलमध्ये याच प्रकारच्या फाइली गेल्या आणि सुरळीत चालल्या, कारण एकविसाव्या रकान्यापुढे 'काहीही चालेल' अशा अर्थाची खूण होती. तिकडे बघायची वेळच आली नाही. १९ जुलैच्या फाइलीत पहिल्यांदा एकविसाव्या रकान्यात नेमकं काय आहे ते तपासायला सांगितलं होतं. प्रोग्रॅम ती किंमत वाचायला गेला, तिथे ती नव्हती, आपल्या हद्दीबाहेरची जागा वाचली गेली आणि संगणक कोसळला. फाइल बाहेर जाण्याआधी ती तपासणारा प्रोग्रॅम होता की! पण त्यानेही २१ किमती मिळणार असंच गृहीत धरलं होतं. तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच समजुतीवर चालत असतील तर ती तपासणी नव्हे, अनुमोदन.

खरा धडा पुढच्या गोष्टीत आहे. मोठ्या संस्थांमधले सावध लोक नवं सॉफ्टवेअर आलं की लगेच घेत नाहीत. एक आवृत्ती मागे राहतात, काही संगणक दोन आवृत्त्या मागे ठेवतात. दुसऱ्यांना ठेच लागू दे, आपण शहाणे होऊ. फाल्कनमध्येही ही सोय होती, पण ती सॉफ्टवेअरपुरती. रोजच्या रोज येणाऱ्या या माहितीच्या फाइली त्या नियमात बसत नव्हत्या. त्या सगळ्यांकडे एकदमच जात होत्या. त्यामुळे जे मुद्दाम मागे राहिले होते तेही त्याच वेळी पडले. त्यांना वाटत होतं आपली दुसरी तार आहे.

फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला सुटली आणि १०:५७ ला मागे घेतली. एकूण ७८ मिनिटं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे तेवढ्यात ८५ लाख संगणक पडले. जगातल्या विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी. त्या वेळात जो संगणक बंद होता तो वाचला. अकराला कुलूप उघडणाऱ्या कार्यालयांना उशिराचं असं फळ क्वचितच मिळतं.

दुरुस्ती सांगायला सोपी. संगणक सेफ मोडमध्ये किंवा दुरुस्तीच्या पडद्यावर सुरू करायचा. विंडोजच्या सिस्टीम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडायचं. 'सी-०००००२९१' ने सुरू होणारी फाइल काढून टाकायची. संगणक परत लावायचा. पण हे दूरवरून करता येत नव्हतं, कारण संगणक सुरूच होत नव्हता. प्रत्येक यंत्रापुढे माणूस उभा हवा. त्यात डिस्कवर विंडोजच्या बिटलॉकर या सोयीचं कुलूप असेल तर त्या यंत्राची ४८ आकडी किल्ली टाईप करायची, आणि ही किल्ली प्रत्येक यंत्राची निराळी. किल्ल्या कुठे ठेवल्यात? सर्व्हरवर. सर्व्हर कुठे आहे? तोही निळा. एका यंत्राला पंधरा मिनिटं धरली तर २०० यंत्रांच्या कार्यालयाला ५० तासांचं काम. चार माणसं लावली तर साडेबारा तास, तेही किल्ल्यांची यादी हातात असेल तर.

त्या दिवशी भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले आणि त्यांचे फोटो सगळीकडे फिरले. लोक हसले, पण पेन आणि कोरे पास काउंटरवर होते म्हणून ती विमानं उडाली. आपल्या बँकांचं फारसं बिघडलं नाही. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला, कारण इथे ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बँकाच मोजक्या. अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीची मात्र पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली. तिचे संगणक परत सुरू झाले, तरी कोणता वैमानिक आणि कोणता कर्मचारी या घडीला कोणत्या गावात आहे, हे सांगणारी यंत्रणा साचलेले बदल निस्तरता निस्तरता दमली. विमान आहे, प्रवासी आहेत, वैमानिक कुठे आहे ते कळत नाही. यंत्र सुरू झालं म्हणजे काम सुरू झालं, हा हिशेब चुकतो तो असा.

याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलैला, आपल्या अंगणात दुसरा प्रकार घडला. लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. लागण पुढे पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने कंपनीची जोडणीच तोडली, आणि सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय, एटीएम असे व्यवहार दुसऱ्या दिवसापर्यंत अडले. एका सहकारी बँकेत अडचण आली तर दुसरीतलं खातं आहेच, असं मानून दोन बँकांत पैसे ठेवणारे पुष्कळ आहेत. दोन्ही बँकांची पाटी वेगळी, संचालक वेगळे, वार्षिक सभेतली भांडणंही वेगळी. मागचा संगणक एकाच कंपनीचा असू शकतो.

किल्ली कुलपाच्या आत

४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊनंतर व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदमच गेले आणि जवळपास सहा तास गेलेलेच राहिले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या केंद्रांना जोडणारं जाळंच तुटलं. ती चुकीची आज्ञा रोखायला एक तपासनीस प्रोग्रॅम होता, त्यातही दोष निघाला. पण सहा तास लागण्याचं कारण वेगळं. दुरुस्तीची हत्यारं त्याच जाळ्यावर होती. दूरवरून आत शिरता येईना, म्हणून माणसं केंद्रांवर धाडावी लागली; आणि तिथली सुरक्षाच इतकी कडेकोट की आपल्याच माणसांना आत जाऊन यंत्रांना हात लावायला वेळ गेला.

छोट्या पातळीवर हे रोज दिसतं. सोसायटीच्या पंपाच्या दुरुस्तीवाल्याचा नंबर फक्त सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर. इंटरनेट कंपनीत तक्रार नोंदवायची तर त्यांचं अ‍ॅप, आणि अ‍ॅपला इंटरनेट. पासवर्डांची यादी त्याच संगणकावर, जो पासवर्ड मागतोय. दवाखान्यात फ्रिजमधल्या लशींचं तापमान बिघडलं तर संदेश येतो, पण संदेश पाठवणारा राउटर त्याच प्लगवर आहे ज्याची वीज गेली.

परत परत बटण दाबलं की

तिसरा प्रकार आणखी वेगळा. इथे काही तुटत नाही. माणसंच गर्दी करून दार अडवतात.

यूपीआयने शंभर रुपये पाठवले की निरोप असा फिरतो: तुमचं अ‍ॅप, अ‍ॅपच्या मागची बँक, एनपीसीआय, तुमची बँक (इथे पैसे वजा), परत एनपीसीआय, समोरच्याची बँक (इथे पैसे जमा), आणि तिथून पावती उलट्या वाटेने. यातला एक टप्पा रेंगाळला की पडद्यावर 'पेंडिंग' दिसतं. मग अ‍ॅप किंवा बँक विचारते, "झालं का?" त्या विचारण्यालाही एक फेरी लागते. उत्तर आलं नाही की पुन्हा विचारते. समजा लाखभर व्यवहार अडकले आणि प्रत्येकासाठी दहादा विचारणा झाली, तर यंत्रणेवर लाखाऐवजी अकरा लाखांचा भार. आधीच दमलेल्या माणसाला "दमलास का?" असं दर सेकंदाला विचारण्यातली ही गत. १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी यूपीआय अडखळलं, त्याच्या तपासात एनपीसीआयला हेच आढळलं: काही बँकांकडून व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर आला होता, आणि त्यात जुन्या व्यवहारांच्याही विनंत्या होत्या.

त्यानंतर बंधनं आली. पहिली विचारणा व्यवहारानंतर ठरावीक सेकंद थांबूनच करायची, आणि एका व्यवहारासाठी तीनच वेळा विचारायचं. १ ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवर दिवसाला ५० पेक्षा जास्त वेळा शिल्लक बघता येत नाही. दिवसातून ५० वेळा शिल्लक कोण बघतं, असं वाटेल. पण काही अ‍ॅपच मागच्या मागे बघत होती. त्या ऑगस्टमध्ये यूपीआयवर २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. एवढ्या गर्दीत एक जास्तीची फेरीसुद्धा महाग पडते.

वापरणाऱ्याने काय करायचं? पेंडिंग दिसलं की परत पैसे पाठवायचे नाहीत. दोन्ही व्यवहार मागाहून पार पडू शकतात. बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक लिहून घ्यायचा. पैसे वजा झाले आणि समोर जमा झाले नाहीत, तर व्यक्तीला पाठवलेले दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. भाजी, रिक्षा, चहा अशा फुटकळ खर्चाला यूपीआय लाइट बरं पडतं. त्यात ५,००० पर्यंत रक्कम आधीच भरून ठेवता येते आणि एका वेळी १,००० पर्यंत देता येतात. दर व्यवहाराला तुमच्या बँकेचा मुख्य संगणक जागा करावा लागत नाही. एनपीसीआयच अडलं तर मात्र तेही अडतं. खिशात दोन-चार नोटा असलेल्या बऱ्या.

आपल्या दुकानात, दवाखान्यात, पतसंस्थेत

मोठ्या संस्थांकडे निदान सेबी आणि रिझर्व्ह बँक लक्ष देतात. लहान जागी ते काम आपलंच.

सुरुवात इंटरनेटपासून. दोन कंपन्यांची जोडणी घेतली असेल तर खाली उतरून तारा बघा. दोन्ही एकाच खांबावरून, एकाच पाइपातून, एकाच जिन्यातल्या डब्यात येत असतील, तर दुसरीचे पैसे वाया आहेत. एक तारेची आणि एक सिमकार्डाची, हे जास्त चांगलं. पण सिमचं कार्ड इमारतीत नीट चालतंय का ते त्या टेबलावर बसून पाहा, गच्चीवर नाही. आणि एकदा विचारा, की स्विच, राउटर आणि तारेच्या शेवटची पेटी या तिन्ही यूपीएसवर आहेत का. बहुतेक ठिकाणी संगणक यूपीएसवर असतो आणि राउटर भिंतीतल्या साध्या प्लगवर. वीज गेली की संगणक सुरू, काम बंद.

यूपीएसचा हिशेब सोपा आहे. ६०० व्हीए च्या यूपीएसात साधारण १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते: ८४ वॅट-तास. घट धरून हाती ५० च्या आसपास. दीडशे वॅटचा संगणक त्यावर वीस मिनिटं चालेल. राउटर आणि त्याची पेटी मिळून २० वॅट घेतात. ती दोन-अडीच तास चालतील. म्हणून दोघांना एकाच यूपीएसवर लावू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते, आणि मरताना काही सांगत नाही. दर तीन महिन्यांनी प्लग काढून मिनिटं मोजा.

बॅकअपबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. संगणकाला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क हा बॅकअप नाही; रॅन्समवेअर आलं की ते संगणकाबरोबर तीही कुलूपबंद करतं. आपोआप जुळत राहणारं ऑनलाइन फोल्डरही पुरेसं नाही, कारण बिघडलेली फाइलसुद्धा ते इमानदारीने वर चढवतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला तेव्हा पाच सर्व्हरवरची साधारण १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकात नोंदणी, तपासण्या, अहवाल सगळं कागदावर आलं. रुग्णांची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे. त्याला लागण झाली नाही, एवढ्यावर सगळं तरलं.

दुकानापुरती रीत अशी ठेवा. दोन डिस्क घ्या, 'सम' आणि 'विषम' अशी चिठ्ठी लावा. सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरी. बॅकअप झाला की डिस्क काढा आणि त्यातली एक घरी न्या. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्याच संगणकावर उघडा आणि काल रात्रीचा शेवटचा बिल क्रमांक दिसतोय का ते बघा. 'बॅकअप यशस्वी' हा हिरवा संदेश म्हणजे फाइल लिहिली गेली एवढंच; ती उघडते की नाही, हे उघडल्यावरच कळतं.

मग कागद. पिग्मी एजंटाचं छोटं यंत्र या बाबतीत शहाणं आहे: दिवसभर लिंकशिवाय पैसे घेतं, पावती देतं, आणि संध्याकाळी शाखेत आल्यावर सगळं एकदम उतरवतं. आपल्या कामाचाही असा एक भाग काढा, जो लिंकशिवाय चालू शकतो. पतसंस्थेत रोज डे-एंडला खातेवार शिल्लक यादी छापून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी लिंक गेली तरी ठरावीक रकमेपर्यंत पैसे देता येतात. ती रक्कम किती आणि सही कोणाची, हे आधी ठरवा. दवाखान्यात उद्याच्या अपॉइंटमेंटची आणि नेहमीच्या रुग्णांच्या औषधांची यादी आदल्या संध्याकाळी कागदावर हवी. दुकानात हातबिलांसाठी वेगळी क्रमांक-मालिका ठेवा, म्हणजे नंतर संगणकात चढवताना एकच नंबर दोनदा येत नाही. जीएसटीत एकाहून जास्त मालिका चालतात. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल आणि गिऱ्हाईक व्यापारी असेल, तर ई-इनव्हॉइसशिवाय, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवल्याशिवाय, बिल धरलं जात नाही. अशा वेळी काय करायचं ते आपल्या सीएंना आजच विचारून ठेवा.

आणि एकदा खरोखर करून बघा. गर्दी नसलेल्या एखाद्या मंगळवारी दुपारी अर्धा तास राउटरची पिन काढा, कोणाला आधी न सांगता. पहिल्या वेळी काय काय निघतं ते जवळपास सगळीकडे सारखंच असतं: पावती पुस्तक सापडतं, पण त्यावर जुना पत्ता आहे आणि जीएसटी क्रमांक नाही. भाव यादी फक्त संगणकात. कॅल्क्युलेटरचा सेल गेलेला. रोख गल्ल्याची किल्ली मालकाकडे, मालक बाहेरगावी. लिंक नसताना बिल कसं करायचं हे माहीत असलेला एकच माणूस, आणि तो मागच्या दिवाळीत नोकरी सोडून गेलेला.